शालू दिवसा बघायचा असतो

"तिला काय विचारतेस वहिनी, ती बोलते तरी कुठे!"

पुण्याच्या आत्याचा आवाज आईच्या मोबाइलमधून स्वयंपाकघरापर्यंत आला आणि मटार सोलणारी माझी बोटं थांबली. आई कसनुसं हसली. "अहो वन्सं, इंग्रजी शाळेतली ना ती. मराठी बोलताना मधेच हिंदीत जाते, मग लाजते." आत्याचा बेत ठरलेलाच होता. हॉटेलवाला गाईड देणार, तिच्या मुलीच्या, मुग्धाताईच्या लग्नाचा शालू घ्यायचा आणि तीन दिवसांत काशी उरकायची.

उरकायची! थंडीतली काशी कधी उरकते का? या दिवसांत आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत आधी धुकं शिरतं, मग देवळांतल्या घंटा, आणि उजेड सगळ्यांत शेवटी. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तर पलीकडचा काठ नाहीसा झालेला असतो. वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो पण नाव दिसत नाही, आणि मग त्या शुभ्र शून्यातून शाल गुंडाळलेला एखादा नावाडी अलगद आकाराला येतो. परतताना चौखंब्यात मलइयो मिळतो. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा तो केशरी फेस जिभेवर टेकतो न टेकतो तोच विरतो, आणि ऊन चढलं की बाजारातूनही जातो. हॉटेलातला नाश्ता आटोपून दहाला निघणाऱ्यांना हे कोण दाखवणार?

आजोबा होते तोवर हा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना काशी दाखवणं हे आमच्या घरचं कामच होतं. ते गेले, आणि आता पाहुणे हॉटेलात उतरतात, आमच्याकडे एकदा जेवतात, निघून जातात. बाबांना बँकेतून सवड नाही. आणि मी? मी पिशव्या धरून मागे चालते, गाईडचं चुकलं तरी गप्प.

"शालू काय, आरती झाली की रात्री निवांत बघू," आत्या म्हणाली.

रात्री! आजोबांनी कुठल्याच पाहुणीला दिव्याच्या उजेडात शालू घेऊ दिला नाही. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर तो उलगडला की ते स्वतः पदर उचलून दाराशी, उन्हात नेत. दिव्याखाली कुठलंही जरीकाम चमकतं आणि रंग खोटं बोलतात. नागपूरच्या मावशींनी एकट्यानं जाऊन रात्री घेतलेला डाळिंबी शालू घरी विटकरी निघाला होता. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो तसाच आहे. मुग्धाताईच्याही फोटोंत तेच व्हायचं?

बेत माझ्या मनात केव्हाच तयार होता. पहाटे नाव, शिंदे घाटापाशी पाण्यात कललेलं देऊळ, मग मलइयो, काळभैरवाचा काळा गंडा, आणि भर दुपारी शालू. अडत होतं ते एवढंच, की तो मोठ्यानं सांगायचा. आत्या माझ्या मराठीला हसेल. हसू दे. माझं शहर तिला परक्यानं दाखवावं आणि मी मुकाट मागून चालावं, याहून ते हसणं जड आहे का?

हात धुतले, बाहेर गेले आणि आईच्या हातून फोन घेऊन 'हॅलो' म्हटलं.

"अगंबाई, सूर्य पश्चिमेला उगवला की काय! बोल गं, बोल."

आई माझ्याकडे बघत राहिली.

"आत्या, गाईडला मना कर. पहाटे पाचला तयार राहा, स्वेटर घालून. तुम्हाला मी नेणार आहे."