सत्तर हाली, साठ कलदार

निजामाचे हाली शिक्के देऊन भारत सरकारचे कलदार रुपये घेण्याच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. औरादच्या खजिन्यात मी नवा कारकून होतो. मिरच्या विकणाऱ्या एका बाईने लेकीच्या शिक्षणासाठी साठवलेले सत्तर हाली रुपये पुढे ठेवले. सात हालीला सहा कलदार या नियमाप्रमाणे मी साठ कलदार मोजले.

“दहा कुठं गेले, अण्णा? तुमच्या चहाला?”

मला समजावणे जमेना. आपले हाली शिक्के उचलून ती समोरच्या धान्याच्या अडत्याकडे गेली आणि हसत परतली.

“सत्तर हालीला जेवढी ज्वारी, साठ कलदाराला बी तेवढीच देतो म्हनला. मंग कमी कामून झाले? द्या इकडं.”

पुस्तकांतून शिकलेले अर्थशास्त्र मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

निघताना तिने विचारले, “तुमच्या खुर्चीत बसायला लेकीनं कुठवर शिकावं?”

“मॅट्रिकपर्यंत,” मी पुटपुटलो.

“मंग उद्याच शाळंत घालते.”