मोकळं गेट

“गेट मोकळं सोडूं नको गे!”

सर्किट कुणाचंही असो, बाईंचं पहिलं वाक्य हेच. नव्वदच्या आसपास कुंभकोणमच्या एका पॉलिटेक्निकमध्ये बाई आणि मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. वर्गात तमिळ, प्रयोगशाळेत दोघीच उरलो की आमचं घरचं तंजावरी मराठी. पुण्याच्या माणसाला ते बखरीतलं वाटेल.

पॉवर ट्रान्झिस्टरचं गेट म्हणजे त्याचं दार. दोन लहान ट्रान्झिस्टरांकरवी त्या दाराला थोडं व्होल्टेज दिलं, की भलीमोठी मोटर फिरते. बाई वर्गात मोटरच्या जागी बल्ब लावून गेटची तार उपसायच्या आणि नुसता तळहात वरून फिरवायच्या. कशालाही स्पर्श न होता बल्ब लुकलुकायचा; मोकळं गेट आसपासची भटकी वीजही पकडतं. मुलं टाळ्या वाजवायची. बाई हसायच्या नाहीत. गेटपासून खाली ग्राउंडच्या तारेला एक रेझिस्टर जोडायच्या, की ती भटकी वीज त्यातून निघून जायची आणि बल्ब गप्प.

दूर कुठे मोटर सुरू झाली की त्यांचा खडू फळ्यावरच थांबायचा. अशा माणसाला आपण विक्षिप्त म्हणतो आणि पुढे जातो. मी एकदा कॉफी पिताना सरळ विचारलं.

“तंबीच्या मशिनींत तो रेझिस्टर घातला नव्हता मी,” त्या म्हणाल्या.

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पापनाशमला तो पितळी दिव्यांना पॉलिश करायचा. त्याच्या कापडी चाकाची मोटर बॅटरीवर चालावी म्हणून सर्किट बाईंनीच बनवलं होतं. हादऱ्यांनी गेटची तार सुटली. चाक थांबलेलं होतं, तो त्यात अडकलेला दोरा काढत होता. चाक आपोआप फिरलं. उजव्या हाताची बोटं गेली.

“बटण बंद होतं गे. कोणी लावलं नाहीं. उगाच फिरलं.”

त्यानंतर बाई पापनाशमला गेल्या नव्हत्या. बस तासाभराचीसुद्धा नाही.

मग एकदा भाऊच प्रयोगशाळेत आला. “अक्का, मशीन जोडून दे. हातानं घासून दिवे उजळत नाहींत.”

“मज नको सांगूं. दुसऱ्यास सांग.”

“दुसऱ्यास सांगायचा नाहीं मी.”

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तूं येशील सोबत?”

गेलो. दुपारभर त्या खाली मान घालून सोल्डरचे डाग देत बसल्या. रेझिस्टर लावला, तोही ओढून ओढून पाहिला. मग गेटची तार स्वतःच उपसली आणि उजवा तळहात चाकावर दाबून धरला.

“बॅटरी लाव, तंबी.”

“अक्का, हात काढ!”

“लाव म्हणत्यें.”

तो जागचा हलेना. तेव्हा त्यांनीच डाव्या हातानं बॅटरीची तार जोडली. मी डोळे मिटले. काहीच आवाज झाला नाही. उघडले, तर चाक थांबलेलंच होतं आणि बाईंचा हात त्यावर तसाच. त्या कान देऊन काहीतरी ऐकत होत्या. शेवटी भावानं बॅटरी सोडवली, त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला.

“सरि अक्का, ठीक. झालं. जेवायला चल.”

संध्याकाळी तो बसपर्यंत पोचवायला आला. बस सुटली तेव्हा त्यानं उजवा हात वर केला. बाई खिडकीतून मागं वळून बघत राहिल्या. रस्ता वळला, भाऊ दिसेनासा झाला, तरी त्या पुढे वळल्या नाहीत. मी हाक मारली, तर ऐकू गेली नाही.

पुढच्याच वर्षी बाई वारल्या. मला त्या आठवतात त्या अशाच: पाठमोऱ्या, रिकाम्या रस्त्याकडे बघत.