रोल नंबर ठोकलेला जॉब

सांगलीजवळच्या ज्या कॉलेजात मी मेकॅनिकल इंजिनियरिंगची चार वर्षं काढली, तिथल्या वर्कशॉपमध्ये सहा लेथ मशीन होती आणि सहाही वर्षभर ताडपत्रीखाली झोपलेली असत. बाहेरची कमिटी तपासणीला आली की ताडपत्री निघायची. आम्हाला निळे ॲप्रन घालून मशीनपाशी उभं केलं जायचं, फोटो काढले जायचे आणि कमिटी जेवायला वळली की ताडपत्री परत. आमचे सर पँटला तेल लागेल म्हणून दोन हात लांबून लेथ शिकवायचे. माझ्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, पण उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं.

प्रत्येकाने लेथवर एक जॉब करून द्यायचा असा नियम होता. जॉब म्हणजे लोखंडी कांब कातून केलेला वीतभर तुकडा. करत कोणीच नसे. जुन्या बॅचचे जॉब एका गंजक्या पेटीत पडलेले असत. त्यातला एक उचलायचा, टोकावरचा रोल नंबर कानशीने घासून काढायचा आणि आकडे उमटवायच्या पोलादी पंचवर हातोडी मारून आपला ठोकायचा. दरवर्षीच्या घासण्याने ते जॉब आखूड होत चालले होते. इतरांचे आकडे वाकडेतिकडे येत, माझे एका रेषेत. अर्धा वर्ग माझ्याकडूनच नंबर ठोकून घ्यायचा. मला या कर्तबगारीचा अभिमान वाटायचा, यावरून मी किती टिनपाट होतो ते ओळखा.

जर्नलचीही तीच गत. कांब ज्या चकात घट्ट धरतात, त्याची चावी काढल्याशिवाय मशीन चालू करू नये, हे वाक्य मी व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून पाच-सहा वेळा तरी उतरवलं असेल. वळणदार अक्षरात, खाली लाल रेघ मारून. वर्कशॉपमध्ये खरोखर मशीन चालवता येणारा एकच माणूस होता, आयटीआय झालेला मदतनीस. त्याला आम्ही पाठीमागे हसायचो.

परीक्षक साताऱ्याहून आले. त्यांनी माझा जॉब हातात घेऊन त्यावरून बोट फिरवलं. मोजायचं व्हर्नियर खिशातून बाहेर निघालं नाही.

"फिनिशिंग छान आहे. स्वतः केलास?"

"हो सर."

पैकीच्या पैकी मार्क. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं, त्यांना कळतंय हे मला. इतक्या समजूतदारपणे आमच्याकडे इंजिनियर तयार होतात.

निकाल लागला त्याच आठवड्यात आमच्या कडबाकुट्टीचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, तुटला. वडिलांना मी आबा म्हणतो. त्यांनी तुकडे पोत्यात घातले आणि मला घेऊन पलूसला लेथवाल्या मिस्त्रींकडे गेले. नवा शाफ्ट पोरगाच करणार, हे ते गावभर सांगून बसले होते.

"मिस्त्री, मशीन तेवढं द्या. पोरगं इंजिनियर झालंय, त्योच करंल."

मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण सगळ्या गावासमोर आबांचा शब्द खाली पडला असता, आणि तो पाडायची माझी छाती झाली नाही. आबा थोडा वेळ मशीनसमोर कौतुकाने उभे राहिले, मग बियाणं आणायला बाजारात गेले.

मी कांब चकात धरली, चावीने आवळली आणि बटणाकडे हात नेला. मिस्त्रींनी माझं मनगट करकचून धरलं. चावी चकातच होती. मशीन फिरलं असतं तर ती उडून, घटकाभरापूर्वी आबा जिथे उभे होते तिथेच गेली असती.

"कवा मशीन चालवलंय का रं?"

"न्हाई."

"एकदाबी?"

मी मान हलवली. मिस्त्रीही आयटीआय झालेलेच. ते हसतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांच्या जागी मी असतो तर नक्की हसलो असतो.

"सरक तिकडं," म्हणाले आणि कामाला लागले.

आबा परतले तेव्हा शाफ्ट तयार होता. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आवं मामा, लय तयार हाय पोरगं. मला हात लावू दिला न्हाई."

आबांनी शाफ्ट उचलला, त्यावरून बोट फिरवलं. परीक्षकांनीही असंच फिरवलं होतं. फरक इतकाच की आबांना खरं वाटत होतं.

"तूच केलास न्हवं?"

"व्हय."

"मग नाव घाल की त्येच्यावर तुझं. भांड्यावर घालत्यात तसं."

मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता अक्षरांचे पंच आणि हातोडी पुढे केली. मला स्वतःची किळस आली, तरी मी दोन्ही घेतली. शाफ्टच्या टोकावर एकेक अक्षर ठोकलं. सगळी अक्षरं एका रेषेत आली.

आबांनी वाकून बघितलं.

"हात चांगला बसलाय रं तुझा," ते म्हणाले.