उडालेला दावा

मला फोन करणारा माणूस पहिल्या वाक्यातच खोटं बोलतो. "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." संगणकात आपोआप काही होत नाही, हे गेली बारा वर्षं मी लोकांना सांगते आहे आणि ते मान डोलावून पुढच्या महिन्यात पुन्हा तेच वाक्य ऐकवतात.

मी पोलादपूरला राहते. सकाळी एका शाळेत मुलांना संगणक शिकवते आणि जेवण झालं की स्कूटरवरून महाडला जाते. तिथे दवाखाने, वकिलांची ऑफिसं, ट्रान्सपोर्टवाले असे माझे ठरलेले लोक आहेत. त्यांचे संगणक, प्रिंटर, वायरी मी सांभाळते. त्याआधी पुण्यात एका कंपनीत फोनवर हेच काम करत होते. तिथे खोटं इंग्रजीत ऐकावं लागायचं, एवढाच फरक.

माणसाची खुर्ची जेवढी मोठी तेवढं त्याचं खोटं मोठं, असं माझं मत झालंय आणि ते बदलावं असं अजून काही घडलेलं नाही. खोऱ्यातला एखादा शेतकरी मुलाचा लॅपटॉप पिशवीत घालून आणतो आणि सरळ सांगतो, "ताई, मला यातलं काय कळत नाय, माझ्या हातून कायतरी दाबलं गेलं." त्याचं काम पाच मिनिटांत होतं. उलट बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांनी मला अर्धा तास संगणकाचा इतिहास सांगितला, कधी घेतला, किती चांगला चालायचा, कंपनी कशी फसवते. मी टेबलाखाली वाकून बघितलं तर प्लग निघालेला. मी तो खोचला. डॉक्टर म्हणाले, "पण सकाळी होता." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शिवाय मी बाई. नव्या ठिकाणी गेले की लोक आधी माझ्या मागे जिन्याकडे बघतात. "इंजिनिअर मागून येतायत का?" पूर्वी मी हसून उत्तर द्यायचे. आता बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढते आणि कामाला लागते. त्यांना समजायचं तेव्हा समजतं.

वकीलसाहेब माझे सगळ्यात जुने ग्राहक. कोर्टापासून जवळच, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. खाली पुराचं पाणी येतं म्हणून महाडात शहाणी माणसं कागद आणि संगणक वरच ठेवतात. बाहेरच्या खोलीत पक्षकारांसाठी बाकं, एका कोपऱ्यात टायपिंगचं टेबल, आत काचेची केबिन. टायपिंगच्या टेबलावर आपा. त्यांना सगळं कोर्ट आपाच म्हणतं. पंचावन्नच्या आसपासचं वय, डोक्यावर ओढणी, नाकावर घसरलेला चष्मा. नवऱ्याची निम्मी उमर आखातात गेली, तेवढ्या काळात यांनी टाइपरायटरवर सुरुवात करून दोन मुली शिकवल्या. मराठी टायपिंग असं करायच्या की बाकावरचे लोक बोलणं थांबवून ऐकत बसायचे.

खरं सांगायचं तर मला आपांचाही थोडा कंटाळाच होता. प्रत्येक गोष्ट त्या वहीत लिहून घ्यायच्या. 'डावं बटन एकदा. मग थांबणे.' मला वाटायचं, इतकी वर्षं झाली, अजून हे लिहावं लागतं? माझ्या तिरस्काराला त्या काळात फारशी निवड नव्हती. समोर येईल त्याला तो मिळायचा.

मार्चमधली गोष्ट. मंगळवारी दुपारी वकीलसाहेबांचा फोन आला. "ताबडतोब या. आख्खा दावा उडालाय."

चवदार तळ्याकडचे रस्ते वीस मार्चच्या गर्दीच्या तयारीसाठी बंद करायला घेतले होते, मंडपाचे बांबू उतरत होते. स्कूटर लांब लावून मी चालत गेले. जिना चढतानाच साहेबांचा आवाज ऐकू आला. ते पक्षकारांना सांगत होते, "पोलादपूरच्या वाटणीच्या दाव्याची सगळी फाइल आपांनी उडवली. परवा तारीख आहे. आता काय करायचं?"

बाकावर त्या दाव्यातलेच दोघे भाऊ बसले होते, डोंगरातल्या कुठल्याशा वाडीतले. ते आपांकडे बघत होते. आपा टेबलाशी उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या, ते मला आठवतं. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले, जणू कीबोर्डला पुन्हा हात लागू नये.

"काय दाबलंत?" मी विचारलं. नमस्कारसुद्धा न करता. मीही ठरवूनच आले होते की त्यांनीच केलं असणार.

"शनिवारी साक्षीचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, सेव्ह केलं, बंद केलं," आपा म्हणाल्या. "काल दुसऱ्या प्रकरणाचं काम होतं. आज उघडायला गेले तर फोल्डरच नाय."

त्या ऑफिसात सगळ्या फाइली साहेबांच्या केबिनमधल्या संगणकात राहतात आणि आपा बाहेरच्या संगणकावरून त्या उघडतात. साहेबांच्या संगणकाला स्वतःचा पासवर्ड आहे, तो आपांना माहीत नाही. मी केबिनमध्ये जाऊन बसले आणि आधी रिसायकल बिन, म्हणजे काढून टाकलेल्या फाइलींची टोपली उघडली. फोल्डर तिथेच पडला होता. आपांनी बाहेरून काही काढून टाकलं असतं तर ते त्या टोपलीत आलंच नसतं, कायमचं गेलं असतं. टोपलीत ते होतं याचा अर्थ याच खुर्चीत बसून कोणीतरी ते काढलं होतं. शेजारी वेळही दिसत होती. रविवार, सकाळचे सव्वाअकरा. त्याच फोल्डरबरोबर आणखी तीन जुनी प्रकरणं काढलेली, आणि त्यानंतर दहा मिनिटांनी साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ संगणकात भरलेला. व्हिडिओला जागा पुरणार नाही असं वाटलं असावं. साहेबांनी जागा केली होती.

रविवारी ऑफिस बंद असतं. किल्ली साहेबांकडे असते.

फोल्डर परत आणायला मला अर्धं मिनिट लागलं. साहेब मागे येऊन उभे होते. मी म्हणाले, "साहेब, हे रविवारी सकाळी इथूनच डिलीट झालंय."

"आलं ना परत?"

"आलं. पण रविवारी—"

"मॅडम, ते तांत्रिक मला सांगू नका. आलं, विषय संपला."

आणि केबिनचं दार उघडून ते बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपांनी उडवलं होतं, मॅडमनी आणलं. आपा, पुन्हा असं होता कामा नये."

साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस कोर्टात का जिंकतो.

मी काय केलं? बॅग उचलली. हे वकीलसाहेब मला दहा ठिकाणी बोलावणं मिळवून देतात, गावात त्यांचा शब्द चालतो, असा सगळा विचार जिन्याच्या चार पायऱ्यांत झाला. प्रत्येक कामानंतर मी एक कागद लिहून देते. तक्रार, कारण, उपाय, खाली ग्राहकाची सही. त्या दिवशी तो लिहिला नाही. लिहिला असता तर 'कारण' या शब्दापुढे काहीतरी लिहावं लागलं असतं. डॉक्टरांच्या प्लगला नावं ठेवणारी मी, स्वतः जिना उतरून निघून आले.

गुरुवारी मी दुसऱ्या कामाला महाडला होते. एसटी स्टँडसमोर मागून हाक आली. "गो, थांब जरा." आपा होत्या, हातात भाजीची पिशवी.

त्यांनी सरळ विचारलं, "माझ्या हातून गेलं का? खरं सांग. दोन दिवस मी माउसला हात लावायला घाबरते हाय. प्रत्येक कागद तीन-तीनदा प्रिंट काढून ठेवते. डोळे गेले असतील माझे, तर मला कळू दे. मी घरी बसेन."

त्या खरंच तसं समजत होत्या. माझ्या गप्प राहण्यामुळे. मी रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. टोपली, वेळ, लग्नाचा व्हिडिओ. मला वाटलं त्या रडतील किंवा साहेबांना शिव्या देतील. त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत लावला.

"परवाचा कागद तू दिलाच नाहीस."

"नाही दिला."

"मग आता दे. तीस वर्षं वकिलाकडे टायपिंग केलंय मी. तोंडी बोललेलं कुठे टिकत नाय. लिहून दे."

स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मी लिहिला. तक्रार: दाव्याचा फोल्डर सापडत नाही. कारण: रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता केबिनमधील संगणकावरून फोल्डर काढून टाकण्यात आला. बाहेरील टेबलावरील संगणकाचा संबंध नाही. उपाय: फोल्डर परत आणला. आपांनी तो दोनदा वाचला. "'कोणाकडून' लिहिलं नाहीस," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहू शकत नाही. त्यांना ते पटलं. "बरोबर. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगावं."

पुढे त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. शुक्रवारी संध्याकाळी सहीसाठीच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यांनी तो मधोमध ठेवला. वकीलसाहेब पक्षकारांना दर आठवड्याला बजावतात की वाचल्याशिवाय कशावर सही करू नका. स्वतः मात्र फोनवर बोलत बोलत सगळा गठ्ठा सह्या करून संपवला. आपांनी कागदाला आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि त्याच दाव्याच्या फाइलला लावला.

एप्रिलच्या शेवटी मी तिथे गेले ते इंटरनेटची वायर बदलायला. मी आपांच्या टेबलाखाली बसून होते, त्यामुळे पुढचं सगळं मला फक्त पायांत दिसलं. बाकाखाली त्याच दोघा भावांच्या लाल मातीने भरलेल्या चपला. केबिनमधून साहेबांचे चकाकणारे बूट आले. तारखेचं बोलणं झालं. मग साहेब मोकळे हसून म्हणाले, "तुमचा दावा तर मागे या आपांनी उडवलाच होता. नशीब समजा."

आपांच्या सॅंडल माझ्या शेजारून उठल्या, कपाटाकडे गेल्या, परत आल्या. कागद उलगडल्याचा आवाज झाला.

"साहेब, हे एकदा वाचा."

"काय आहे?"

"फाइलमधलं हाय. तुमची सही हाय."

बूट जागच्या जागी थांबले. साहेबांनी कागद हातात घेतला नसावा. मग धाकटा भाऊ उठला असावा, कारण एक चप्पल पुढे आली, आणि शाळेत वाचतात तसं एकेक अक्षर लावत तो मोठ्याने वाचायला लागला. "रविवारी... सकाळी... केबिनमधील..." तो थांबला. "साहेब, रविवारी तर हापिस बंद असतं ना?"

"हे कोणी लिहिलं?" साहेब म्हणाले.

मी टेबलाखालून बाहेर आले. गुडघ्यांना धूळ, हातात वायर. "मी," मी म्हणाले. "त्याच दिवशी द्यायला हवं होतं. उशीर झाला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आपांकडे बघितलं, त्या भावांकडे मात्र बघितलं नाही. "सव्वाअकरा वाजता मी कोर्टात असतो," ते म्हणाले. रविवारी. मग त्यांनाच ते ऐकू गेलं असावं. केबिनमध्ये गेले आणि दार लावलं. माफी वगैरे काही नाही. अशी माणसं माफी मागत नसतात, फार तर दार हळू लावतात. यांनी तेही आपटलं.

थोरला भाऊ आपांना म्हणाला, "आपा, आम्ही तुम्हाला लय वंगाळ बोललो घरी." आपा म्हणाल्या, "मला कुठे ऐकू आलं?" आणि टायपिंगला बसल्या.

आठवडाभराने साहेबांचा निरोप आला, आमच्याकडे आता दुसरा माणूस येतो. त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन ठिकाणांहूनही मला बोलावणं बंद झालं. मला वाईट वाटलं, पण ज्या गोष्टीला घाबरून मी तेव्हा जिना उतरले होते ती शेवटी एवढीच निघाली, याची स्वतःचीच शरम जास्त वाटली. आपांना त्यांनी काढलं नाही. काढणार कसे? पक्षकारांना इतकं स्वच्छ मराठी टाइप करून देणारं महाडात दुसरं कोण आहे?

नवा माणूस काय करतो ते मला माहीत आहे. तो आपांना सांगतो, बंद करून चालू करा. त्या करतात, काही होत नाही. मग मला फोन येतो. मी शाळेच्या व्हरांड्यात येते, त्या स्क्रीनवर काय दिसतंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवतात, मी सांगते. न वाढवता, न लपवता जसं आहे तसं सांगणारं माणूस मला या धंद्यात दुसरं भेटलेलं नाही. वहीत लिहून घेताना पेनचा आवाज येतो आणि मी थांबते. परवाच त्यांनी फोन केला तेव्हा मी वर्गात होते, म्हटलं नंतर करते. त्या म्हणाल्या, "नाय गो, आत्ताच सांग. साहेब कोर्टात गेलेत."