पुंजक्यांची वाट

रक्ततपासणीत अठ्ठावीस वर्षं काढल्यावर ताईंची बदली संशोधन विभागात झाली. तिथे शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांसारख्या, केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या काचपट्टीतून कर्करोग्यांचं रक्त सोडत. गाठीतून सुटून रक्तात फिरणारी पेशी कोट्यवधींत एखादीच. रंग दिल्यावर ती हिरवी चमके. ती कशी सरकते याचं चित्रण व्हायचं, मोजणी संगणक करायचा. ताईंनी नुसतं यंत्र चालू आहे ना, एवढं बघायचं.

पण अंगात मुरलेली सवय जाते कुठे? त्या डोळा लावून बसायच्याच. एका दुपारी चार पेशींचा पुंजका नळीच्या तोंडाशी अडला. आता तुंबणार, असं ताईंना वाटतंय तोवर पेशी एकमेकींना न सोडता एका रांगेत आल्या, आरपार गेल्या आणि पलीकडे पुन्हा गोळा झाल्या. संगणकाने नोंद केली: कचरा.

विभागप्रमुख डॉक्टरीण ताईंच्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "पुंजके पार होत नाहीत, ताई. म्हणून तर ते वगळायला सांगितलंय."

"असेल मॅडम. पण मला दिसलं ते दिसलं."

तिने वाद घातला नाही, जुनी चित्रणं काढली. तीन आठवडे दोघी मान अवघडेपर्यंत बघत होत्या. पार गेलेले सत्तावन्न पुंजके सापडले. वर्षभराची मोजणी नव्याने करावी लागली.

घरी थोरली बहीण होती. स्तनातली गाठ काढून सहा वर्षं झाली होती, आणि आता दुखणं यकृतात निघालं होतं. "सगळं काढलं म्हणाले होते ना? मग तिकडे गेलं कसं?" ती विचारायची आणि ताई विषय बदलायच्या. मोजणी संपली त्या रविवारी मात्र त्यांनी पुंजक्यांचं सगळं सांगितलं. बहीण चादरीची घडी घालता घालता थांबली.

"मी मधे गोळ्या चुकवल्या होत्या. वाटायचं, त्यानेच झालं."

"कशाने झालं ते कुणीच सांगू शकणार नाही गं. गाठ काढायच्या आधीच काही पेशी निसटल्या असतील. तू स्वतःला बोल लावू नकोस."

बहिणीला ते बघायचंच होतं. डॉक्टरिणीने परवानगी दिली. पडद्यावरची ती रांग तिने दोनदा बघितली.

"शहाण्या आहेत मेल्या," ती म्हणाली.

त्यानंतर ती सोळा महिने जगली. तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही. संध्याकाळी ताई चपला काढत असतानाच विचारायची, "काय गं, आज कशा वागल्या?" आणि ताई हातपाय धुवायच्या आधी तिच्याजवळ बसून दिवसभराचं सांगायच्या.