एक हात मोकळा

आई शेजारणींना सांगायची, “आमची लेक नाटकात नाच बसवते,” आणि पुढचं गिळून टाकायची. पुढचं म्हणजे, लेक रंगमंचावरच्या मिठ्या आणि चुंबनंही बसवायची. वीस वर्षं नाच बसवणाऱ्या बाईला त्यात लाज कसली? कोणाचा हात कुठे, किती मोजेपर्यंत, हे ती आधी विचारून कागदावर उतरवायची आणि मगच तालीम घ्यायची. म्हणून नटमंडळी तिला मोजणीबाई म्हणत. तिलाही ते आवडे.

नव्या नाटकात नायिका झालेली नटी कर्णबधिर होती, हातांच्या खुणांनी बोलायची. आधीचं नाटक तिने अर्ध्यावर सोडलं होतं, कारण तिचं ‘नको’ कुणी बघितलंच नव्हतं. इथेही तसंच झालं तर रंगभूमीला कायमचा रामराम, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मोजणीबाईने दुभाषीला शेजारी बसवून सगळं विचारलं. मान चालेल, कंबर नको, हात चालतील. ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबणार, ही तर काळ्या दगडावरची रेघ.

तालमीत मोजणीबाई बोटांनी मोजत होती. तीनला नायक जवळ आला, चारला त्याने नायिकेचे दोन्ही हात हातात घेतले, पाचला ओठ टेकले. दिग्दर्शक खूश झाला. मोजणीबाईला मात्र नायकाच्या मुठींत बोटं वळवळताना दिसली.

“थांबा!” ती ओरडली.

सुटल्या सुटल्या नायिकेचे हात भराभर चालू लागले. दुभाषी म्हणाली, “ती सांगतेय, मी कधीची थांबा म्हणतेय. तोंडच धरलं होतं की माझं!”

मोजणीबाईचा चेहरा पडला. ‘हात चालतील’ हे लिहून घेताना तिने फक्त स्वतःच्या, न बोलणाऱ्या हातांचा विचार केला होता.

“चूक माझी,” ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि लगेच कागद बदलायला बसली.

“अहो, दोन्ही हात धरल्याशिवाय प्रेम दिसणार कसं?” दिग्दर्शक कुरकुरला.

“तुमचं तोंड दाबून दाखवू का, किती प्रेम दिसतं ते?”

मग तिने नायिकेलाच विचारलं. नायिकेने एका हाताने नायकाचं मनगट धरलं आणि दुसरा त्याच्या खांद्यावर मोकळा ठेवला. दृश्य आधीपेक्षा गोड दिसलं.

पुन्हा मोजणी सुरू झाली. चारला तो मोकळा हात वर गेला: थांबा. नायक झटकन मागे सरला. मोजणीबाई कागद टाकून पुढे धावली.

“काय झालं गं? काय खुपलं?”

नायिका हसली. दुभाषीलाही हसू आवरेना. “काही नाही म्हणतेय. तुम्ही थांबता का, ते बघितलं. चला, आता एकपासून.”