घमेल्यातलं कासव

कॉलेजच्या शिबिरासाठी मी समुद्री कासवांचा विषय घेतला तेव्हा सहकारी हसले. बीड जिल्ह्यात कुठला आलाय समुद्र? मला राग आला. आपल्या ओढ्यातल्या कॅरीबॅगा शेवटी तिकडेच जातात, असं ठणकावून मी पोरांकडून नाटक बसवून घेतलं. सिरसाळ्याच्या बाजारात ते बघायला काळं कुत्रंही फिरकलं नाही.

"सर, खरं कासव पायजे," एक विद्यार्थिनी म्हणाली. "मावशीच्या विहिरीत हाय की."

या मावशींच्याच शेतात आमचा मुक्काम होता. विहीर खणली की तिच्यात कासव सोडायची इकडे रीत. मावशींचं कासव त्यांच्या सासऱ्यांनी सोडलेलं. आता घरात मावशी एकट्याच. सकाळी काठावरून भाकरी टाकायच्या आणि ते वर आलं की त्याच्याशी गप्पा मारत बसायच्या.

"न्या," त्या म्हणाल्या, "पर सांजच्याला आणा. मला करमत न्हाई."

पुढच्या बाजारी आम्ही कासव घमेल्यात घालून नेलं. लोकांना लांबून दिसावं म्हणून त्याच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं, 'मला वाचवा'. कल्पना माझीच, आणि अक्षर नीट यावं म्हणून ब्रशही मीच हातात घेतला. माझीच मला लाज वाटते.

गर्दी मात्र लोटली. लहान पोरं काड्यांनी टोचत होती. मुक्या जिवांना छळू नका, असं मी माइकवरून ओरडत होतो आणि घमेल्यात, भर उन्हात, कासवाने मान आत ओढून घेतली होती. टाळ्या पडल्या. मी फोटोही काढून घेतले.

संध्याकाळी विहिरीत सोडलं तसं ते तळाला गेलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी भाकरी टाकली, हाका मारल्या. वर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तरी त्या काठावरच बसून राहिल्या.

शेवटच्या सकाळी आम्ही सामान बांधत होतो, तेवढ्यात मावशींची हाक आली. "सर, आलं बगा वर!"

सगळे काठाकडे धावलो. हिरव्या पाण्यात आधी ती पांढरी अक्षरंच दिसली.

"पाठीवर काय लिव्हलंय वो?" मावशींनी विचारलं.

सगळी पोरं शेजारी उभी होती. सगळ्यांना वाचता येत होतं.

"कॉलेजचं नाव आहे," मी म्हणालो.

"चांगलं हाय की," म्हणत त्यांनी उरलेली भाकरी कुस्करली. पोरं पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.